पलीकडचा विस्तव

२० ऑक्टोबर १९८१, मंगळवार

आज परत बांगड्या घेतल्या. हिरव्या. ट्रंकेत आता पुस्तकांपेक्षा बांगड्या जास्त झाल्या आहेत.

बेलटोल्याच्या कुंताबाई दर मंगळवारी डोंग्यात टोपली ठेवून नदी उतरतात आणि आमच्या मोहघाटच्या बाजारात दुकान लावतात. सोबत त्यांची भाची असते. ललिता. आज तिनंच विचारलं, "कोणाले पायजे?"

मी म्हटलं, "बहिणीले."

"मागच्या बाजारालेही बहिणीलेच नेल्या ना?"

"फुटल्या त्या."

"सगळ्या?"

"लय भांडखोर आहे ती."

कुंताबाईंनी मान वर न करता म्हटलं, "निर्मलाबाईले तर हा एकच पोरगा आहे, मले माहीत आहे तसं."

ललितेनं तोंडावर पदर घेतला. खांदे हलत होते. हसून राहिली होती का खोकून राहिली होती ते सांगता येत नाही, पण मी बांगड्या उचलल्या आणि पैसे न मोजता टाकून निघालो. परत यावं लागलं. कमी पडले होते.

२१ ऑक्टोबर

बाबा जेवताना म्हणाले, "लोक विचारतात, वासुदेवराव, पोरगा काय करते? मी काय सांगू? नदी पायते म्हणून सांगू?"

मी ताटावरून उठलो. आईनं परत बसवलं.

पाहतो मी नदी. काय चुकलं? बावनथडी एवढीशी, पावसाळा सोडला तर आवाज दिला की पलीकडे जातो. पण सरकारनं तिच्या मधून राज्याची हद्द नेली. अलीकडे आम्ही महाराष्ट्र, पलीकडे बेलटोला मध्यप्रदेश. आमच्याकडे लाइट आली की त्यांची जाते, त्यांची आली की आमची. दोन्ही गावं कधी एकदम उजेडात दिसत नाहीत, एक त्रिपुरी पौर्णिमा सोडली तर.

आणि कॉलेज मी हौस म्हणून सोडलं नाही. मेसच्या वरणात पाणी होतं. मी मेसवाल्याला म्हटलं, हे काय आहे? तो म्हणाला, घरी काय तूप पिते का रे तू? मी वरणाचा गंज उचलून त्याच्या मांडीवर पालथा केला. कोणाला भाजलं नाही. वरण गरम नव्हतं. तेच तर माझं म्हणणं होतं! प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग नाहीतर जा. मी म्हटलं जातो. बी.कॉम.चं दुसरं वर्ष तिथंच राहिलं, भंडाऱ्याच्या त्या मेसमध्ये.

२४ ऑक्टोबर

धनीराम आजाचे गुडघे गेले! देवा, असं म्हणू नये, पण गेले ते बरं झालं.

गावाकडून दरसाल तेच पुनवेला विस्तव आणतात, यंदा नदीत उतरणं त्यांच्यानं होत नाही. आणि पलीकडचे सेवकराम आजा खोकल्यानं बेजार, ते अंथरुणातून उठत नाहीत. दोन्हीकडून दुसरा माणूस लागणार.

आमच्या आतषबाजीची रीतच तशी आहे. बेलटोल्याच्या बाणांना आग आमच्या घरची लागते आणि आमच्या बाणांना बेलटोल्याची. आपली दारू आपल्या आगपेटीनं पेटवायची नाही. दिवस मावळला की दोन डोंगे निघतात, प्रत्येकात एक माणूस आणि एक गोरसी. म्हातारे हिवाळ्यात मांडीशी घेऊन बसतात ती मातीची गोरसी, त्यात निखारे, वर राख. नदीच्या मधोमध हत्तीएवढा दगड आहे, त्या हत्तीगोट्याजवळ दोघं भेटतात, गोरशा बदलतात, परत येतात. तोवर दोन्ही काठांवर कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. मग दोन्हीकडचे बाण एकदमच सुटतात. मोगलाईपासून असं आहे म्हणतात. म्हणणारे त्या वेळी नव्हते, पण म्हणतात.

आणि खरी गोष्ट पुढची. विस्तव आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरी जेवण. पाटावर बसवून. वाढायला घरची लेक!

सेवकराम आजांच्या जागी त्यांचा मुलगा बाबूलालजी येणार हे नक्की. ललितेचे वडील. म्हणजे घर तेच. म्हणजे वाढणार तीच.

आमच्याकडून मीच जाणार. ठरलं.

२७ ऑक्टोबर, दिवाळी

बांगड्या आईला सापडल्या. म्हणाली, "कोणाच्या रे?" मी म्हटलं, तुझ्याच, पाडव्याले देणार होतो. एकही तिच्या हातात चढेना. बिचारी साबण लावून प्रयत्न करत होती.

३० ऑक्टोबर

कमिटीची बैठक देवळात झाली. पहिलंच नाव निघालं भय्याजी मास्तरांचं. शिकलेले, शांत, नेमस्त, अमुक, तमुक. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मास्तरांचे हात थरथरतात. खडू धरता येत नाही, गोरसी काय धरतील! फळ्यावरचा त्यांचा 'भारत' पाहा, सगळा भूकंपातला दिसतो.

मास्तर म्हणाले, "जागेश्वर, बस खाली."

मी म्हटलं, तुमच्या वर्गात आहे काय मी आता?

"माह्या वर्गात असतानाही तू बसत नव्हतास," ते म्हणाले. सगळे हसले. मग मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. बाबा उठून बाहेर निघून गेले. शेवटी धनीराम आजा भिंतीला टेकून म्हणाले, "जाऊ द्या ना त्याले. जवान पोरगा आहे, गुडघे चांगले आहेत. आणि नाही म्हटलं तर रात्रभर इथंच भांडते."

जिंकलो.

३१ ऑक्टोबर

अंगणात गोरसी घेऊन चालण्याची तालीम केली. गोरसी भलतीच तापते. खाली गोणपाटाची घडी घेतली तरी तळव्यांना चटका बसतो. बाबांच्या वाळत घातलेल्या धोतरावर निखारा उडाला. धोतर अजून घालता येईल, फक्त बसता येणार नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारात आज मीच आधी बोललो. हिंमत केली. म्हटलं, "यंदा विस्तव घ्याले मी येऊन राहिलो."

ललिता बांगड्या दोऱ्यात ओवत होती. हात थांबला. "तुम्ही?"

"मी."

"आमच्याकून तर बाबूजी येणार."

"माहीत आहे ना."

"आणि तुम्ही बाबूजीच्या हातून घेणार?"

"हो मग! दोन्ही हातानं घेतो," मी छाती काढून म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. सुटलेला बैल आपल्या पायानं कोंडवाड्यात जाऊन उभा राहिला म्हणजे मालक पाहतो ना, तसं. मग हातातली बांगडी कट्कन मोडली. कुंताबाई म्हणाल्या, "हो गया नुकसान." ललिता तुकडे वेचायला वाकली. डोळ्यांत पाणी होतं बहुतेक.

आनंदाचं असणार.

५ नोव्हेंबर

मी मेलो.

आई तांदूळ निवडत होती. मी जवळ बसून गंमत म्हणून विचारलं, बेलटोल्याला जेवायला काय करतात पुनवेच्या दुसऱ्या दिवशी? पुरणपोळी असते का?

आई म्हणाली, "मितानाच्या घरी जे शिजते ते खा. नावं ठेवू नको."

"कोणाचा मितान?"

"तू. बाबूलालजीचा."

मी म्हटलं, कोणी सांगितलं? आईनं सूप खाली ठेवलं. "काहून रे, कोणी सांगाले पायजे? हातातून हातात विस्तव घेतला की मितान. धनीराम आजा नि सेवकराम आजा कोण आहेत मग? जन्मभर एकमेकाले मितान म्हणतात ते आईबापानं ठेवलेलं नाव आहे काय? रक्ताच्या भावाहून जास्ती. मितानाची माय ते आपली माय, मितानाचं पोर ते आपलं पोर."

मितानाचं पोर ते आपलं पोर.

मी म्हटलं, "मग बाबूलालजीची पोरगी..."

"तुह्यी पुतणी," आई म्हणाली. "पाया पडन तुह्या. काकाजी म्हणन. तिच्या लग्नात तुले मांडवात उभं राहा लागन, लुगडं न्या लागन. मी आतापासून सांगून ठेवतो, साधं नेऊ नको, नाव जाते."

लहानपणापासून दरवर्षी काठावर उभा राहून पाहिलं. धनीराम आजा तिकडच्या सगळ्या पोरींना 'बेटा' म्हणतात, त्या सगळ्या त्यांच्या पाया पडतात, हे सगळं पाहिलं. आणि हेच डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त पाट, ताट आणि वाढणारे हात.

म्हणून ती तशी पाहत होती. म्हणून बांगडी मोडली. आणि मी म्हटलं दोन्ही हातानं घेतो! दोन्ही हातानं!

संध्याकाळी जेवलो नाही. आई म्हणाली, तब्येत बिघडली काय? बाबा म्हणाले, याची तब्येत कधी बिघडत नाही, हा दुसऱ्याची बिघडवते.

६ नोव्हेंबर

भय्याजी मास्तरांच्या घरी गेलो. पाया पडलो. म्हटलं, सर, विस्तव तुम्हीच आणा. शिकलेल्या माणसाचं काम आहे ते.

मास्तर चष्मा पुसत राहिले. "माह्ये हात थरथरतात ना जी."

मी म्हटलं, तसं काही दिसत नाही.

"तूच म्हणाला होता. साऱ्या गावापुढं. 'भारत' सुद्धा भूकंपातला आहे माहा." चष्मा लावला. "जाय बेटा. घरी जाय."

७ नोव्हेंबर

ताप आल्याचं सांगितलं. आईनं कडुनिंबाच्या पाल्याचा काढा पाजला. ताप उतरल्याचं सांगितलं.

१० नोव्हेंबर

धनीराम आजांकडे बसून आलो. त्यांना आडून आडून विचारलं. आजा, गोरसी हातातून न घेता हत्तीगोट्यावर ठेवली आणि आपण उचलली तर?

"मंग तो विस्तव नोहे, भीक झाली. त्याच्या हाताचा विटाळ होते काय तुले? लाठ्या निघतील."

"आणि आजा, विस्तव मधातच विझला तर?"

"विझला तर काही नाही. मेल्या राखेनं मितानी होत नाही, निखारा जिता पायजे. आमचा पहिल्या साली विझलाच होता. लय वारं होतं. घरून दुसरा आणा लागला, तोवर मी नि सेवकराम एकमेकाले अहो-जाहो करून राहिलो होतो." आजा गुडघे चोळत हसले. मग म्हणाले, "पण विझवू नको बाप्पा. पोरं वर्षभर वाट पायतात."

म्हणजे एकच रस्ता होता. बाबूलालजींच्या गोरसीतला विस्तव मरायला पाहिजे. पण ती भरणार त्यांच्या घरी, येणार त्यांच्या हातात. बेलटोल्याला जाऊन त्यांच्या घरात शिरून त्यात पाणी कोण ओतणार?

कोणी नाही.

११ नोव्हेंबर, पुनव

बाण रेतीत रोवून झाले. अनार ओळीनं मांडले. बेलटोल्याच्या घाटावर माणसं मुंग्यांसारखी. आई औक्षण करून राहिली आहे. हात आत्ताच भाजून राहिले आहेत.

१२ नोव्हेंबर

लिहू की नको, असं दिवसभर चाललं होतं. आता लिहितोच. कोणाला तरी सांगावं लागेल, आणि माणसांशी बोलणं बंद आहे. माणसांनी बंद केलं आहे.

डोंगा निघाला तेव्हा सगळं शांत झालं. हजारो माणसं आणि आवाज फक्त बांबूचा, पाण्यात बुडतो तो. माझ्या मांडीवर गोरसी. आईनं काठोकाठ भरली होती, माझा पोरगा चालला म्हणून. गोणपाटातून आच लागायला लागली ती निघाल्या निघाल्याच.

हत्तीगोट्यापाशी बाबूलालजी आधीच उभे. पांढरा फेटा, मिशा, दोन्ही तळव्यांवर गोरसी. काय माणूस! ताकाचं मडकं धरावं तशी धरलेली. कपाळावर आठी नाही. इकडे माझ्या तळव्यांची लाही होत होती, मी एक हात काढत होतो, दुसरा ठेवत होतो. मनात म्हटलं, याचे हात आहेत का लोखंड?

ते हळूच म्हणाले, "लो मितान."

मी हात पुढे केला नाही.

"लो जी. सब देख रहे हैं."

मी म्हटलं, "जी, गोट्यावर ठेवा ना."

"क्या?"

"गोट्यावर ठेवा. मी उचलतो."

त्यांचा चेहरा पालटला. "काहून? माह्या हातातून घ्यायले शरम वाटते?"

"नाही जी, तसं नाही."

"मंग कसं?"

आता माझं ऐक. म्हणजे वाच. गोणपाट पेटलं होतं. खालून धूर निघत होता. ते विचारत होते कसं, मग कसं, आणि माझ्या तळव्यांना फोड येत होते, आणि डोक्यात तेच, काकाजी, काकाजी, साधं लुगडं नेऊ नको. मी भांडायला निघालो नव्हतो. पण तोंड उघडलं.

"तुमच्या हातातून घेतला तर मी ललितेचा काका होतो जी! मले काका नाही व्हायचं!"

एरवी गर्दीत कोणाला ऐकू गेलं नसतं. पण रीत आहे ना, विस्तव बदलेपर्यंत कोणी बोलायचं नाही. नदीवर आवाज असा गेला की दोन्ही काठांवर पोचला आणि परत आला. काका नाही व्हायचं. व्हायचं.

मग आमच्या काठावरून बेबीबाईचा आवाज, तिला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं, "कोणाचा काका?"

कोणीतरी सांगितलं, "बाबूलालजीच्या पोरीचा."

"कोण, ते बांगड्यावाली? सुंदर आहे ना ते. मंग नको होऊ म्हणा."

गोरसी माझ्या हातून सुटली. हत्तीगोट्यावर आपटली, फुटली, आणि निखारे छस्स करून पाण्यात गेले. बाबूलालजींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. आपली गोरसी तशीच घेऊन खाली बसले आणि डोंगेवाल्याला म्हणाले, "वापस ले."

झालं. दोन्ही काठांवर बाण उभे, अनार उभे, खिशाखिशात आगपेट्या, आणि पेटवायला विस्तव नाही. कोणीतरी बिडी पेटवली तर चार जणांनी त्याला हाणलं. पोरं रडायला लागली. आमच्या काठावरचा शिपाई मला म्हणाला, "तुले पकडाव वाटून राहिलं पण कलम कोणतं लावू समजत नाही. आणि गोटा तर अर्धा त्याइच्या राज्यात आहे."

बाबा मला शोधत होते. मी मोहाच्या झाडावर चढलो. लहानपणी चढायचो तिथंच. वरून सगळं दिसत होतं, चांद चांगला वर आला होता.

तेवढ्यात धनीराम आजा ओरडले, "मले उचला!"

बाजेवर घालून चौघांनी त्यांना डोंग्यात ठेवलं. मांडीवर नवी गोरसी, त्यांच्या घरच्या चुलीची. आणि पलीकडूनही डोंगा निघाला! त्यात गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं. गाठोडं खोकत होतं. सेवकराम आजा.

दोघांना हत्तीगोट्यावर बसवलं. दोन राज्यं वाट पाहून राहिली आणि हे दोघे बोलत बसले. वर्षातून एकदा भेटतात.

"गुडघा कसा आहे रे मितान?"

"गुडघा नाहीच आता. खोकला?"

"तो आहे. तोच तर आहे, मी नाही."

"पोरानं घोळ केला."

"केला ना. पण मितान, तुह्या लग्नाच्या वेळी तू काय कमी बोंब मारली होती?"

मग दोघं खदाखदा हसले. एकाच्या हसण्यात खोकला आणि एकाच्या हसण्यात अगंगं. गोरशा बदलल्या. त्यांचं काय बिघडणार, ते आधीचेच मितान. भांडण आमच्या नात्याचं, विस्तव त्यांच्या नात्यानं आला.

आणि मग सुटले. दोन्हीकडून एकदम. आमचे बाण त्यांच्या आगीनं, त्यांचे बाण आमच्या आगीनं, नदीच्या वर मधोमध जाऊन फुटत होते, आणि खाली पाण्यातही तेच. हद्द कुठे होती ते कोणाला सांगता आलं नसतं. मीही तोंड उघडं टाकून पाहत होतो. एका अनाराच्या उजेडात बेलटोल्याच्या घाटाच्या पायऱ्या दिसल्या. ललिता तिथं उभी होती. वर पाहत नव्हती. सगळं गाव वर पाहत होतं आणि ती सरळ आमच्या काठाकडे.

मग अनार विझला.

खाली उतरताना फांदी मोडली. फांदीखाली बाबा.

१३ नोव्हेंबर

बेलटोल्याच्या घरचं जेवण धनीराम आजांना मिळालं. श्रीखंड होतं म्हणे.

१४ नोव्हेंबर

गाव मला काका म्हणून राहिलं. लहान पोरं, म्हातारे, पिठाच्या गिरणीवाला. "काका, दळण झालं." भय्याजी मास्तर रस्त्यात भेटले, चष्मा काढून म्हणाले, "नमस्कार काकाजी." एकाच्या अंगावर धावून गेलो तर तो म्हणाला, "मारू नको काका, पुतण्या आहे तुहा."

आई मात्र बोलत नाही. तळव्यांना तूप लावते आणि बोलत नाही. आज लावता लावता म्हणाली, "तरीच त्या बांगड्या मले होत नव्हत्या."

१५ नोव्हेंबर

धनीराम आजांनी बोलावलं. बाबूलालजींचा निरोप आहे म्हणाले. मी काठी खायच्या तयारीनं गेलो.

निरोप असा: "पोराले तोंड आहे हे साऱ्या नदीनं ऐकलं. डोकं आहे का ते कॉलेज पुरं करून दाखवन तेव्हा पाहू. तोवर माह्या घाटावर पाय ठेवाचा नाही."

आजा म्हणाले, "नाही म्हणाला नाही, ध्यानात घे."

पण पोरीच्या मनात काय आहे? साऱ्या दुनियेसमोर नाव घेतलं तिचं. तिच्या जागी मी असतो तर माझं तोंड फोडलं असतं. ती तर माझ्याशी बांगड्यांपलीकडे कधी बोललीही नाही. मी आपला बोंबलून मोकळा झालो, आणि तिच्या मनात काहीच नसलं तर? तर तिला त्या घाटावर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी.

आणि कॉलेज म्हणजे मेसवाल्याची माफी. मी? त्या पाणचट वरणासाठी? अजिबात नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

कुंताबाई आज एकट्याच आल्या. टोपली उतरवायच्या आधी मला हाक मारली, "काकाजी, इकडे या."

गेलो. हळूच म्हणाल्या, पुनवेला सेवकराम आजाले निघायचं होतं, म्हणून वहिनीनं, म्हणजे ललितेच्या मायनं, बाबूलालनं परत आणलेली तीच गोरसी उघडली. आत निखारा नव्हता. वरून कोमट राख आणि खाली ओल्या गोवऱ्या, ठासून भरलेल्या. वहिनीनं तोंडातून शब्द काढला नाही, चुलीतला विस्तव घालून दिला.

मी विचारलं, "भरली कोणी होती?"

"दरसाल घरची पोरगी भरते," त्या म्हणाल्या, आणि हिरव्या बांगड्यांचा दोरा सोडायला बसल्या.

म्हणून तळहातावर ताकासारखी धरली होती त्यांनी. विस्तवच नव्हता. मी नुसतं गप्प राहून दोन्ही हात पुढे करायचे होते.

उद्या पहिल्या बसनं भंडारा. मेसवाल्यापुढे दोन्ही हात जोडीन. तोंड उघडणार नाही.